आय हॅड गॉन टू शिरूर

"काल कागदपत्रं घेऊन येणार होतात, का आला नाहीत?" असं साहेबांनी इंग्रजीतून विचारलं, आणि माझा भाचा अदबीनं म्हणाला, "सर, आय हॅड गॉन टू शिरूर."

साहेबांनी फायलीतून मान वर केली. "बिफोर व्हॉट?"

भाच्यानं क्षणभर विचार केला. "बिफोर लंच, सर."

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीतली ही मुलाखत तिथंच आटोपली. 'इंग्रजी सुधारा आणि पुढच्या महिन्यात परत या,' एवढा निरोप घेऊन भाचा कवठे येमाईला परतला आणि रात्री जेवणं उरकल्यावर ओट्यावर घरची बैठक बसली. भाच्याचं म्हणणं, मी खरं तेच सांगितलं. शिरूरला गेलो होतो, जेवायच्या आधीच गेलो होतो, स्टँडवर वडापावसुद्धा खाल्ला होता, मग साहेबांना राग कशाचा आला? बहिणीचं म्हणणं, साहेबाचा कुणी पाहुणा त्या जागेवर आधीच चिकटवायचा ठरला असणार. शेवटी आमचे थोरले बंधू, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, त्यांनी निकाल दिला, "घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला माणूस फुकट बसलाय. त्याला लावा शिकवायला."

तो फुकट बसलेला माणूस मी.

माझ्या इंग्रजीचं गावात नाव आहे. बँकेचं पत्र, विम्याचा कागद, फवारणीच्या औषधावरची बारीक अक्षरं, सगळं माझ्याकडे येतं. या कीर्तीचं मूळ फार जुनं आहे. कुकडीच्या पात्रातले टाकळी हाजीचे रांजणखळगे पाहायला निघालेला एक गोरा पाहुणा वाट चुकून आमच्या स्टँडवर उतरला आणि त्यानं मला काहीतरी लांबलचक विचारलं. मी हात लांब करून म्हणालो, "गो स्ट्रेट." तो गेला. परत आला नाही, त्या अर्थी पोचला असणार, असं गावानं धरून घेतलं. त्या दोन शब्दांत पूर्ण काळाची गरज पडली नाही, हे माझं नशीब. नाहीतर गोरा अजून स्टँडवर असता.

शिकवायचं ठरल्यावर माळ्यावरून पुस्तकं उतरवली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला निघाली, तिच्यात एक झुरळ वास्तव्याला होतं. खाली रेन आणि मार्टिनचं जाडजूड व्याकरण निघालं. या रेनसाहेबांबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे. पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. नोकरी सोडून गेल्यावर १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली आणि ती जगभर गाजली. तिच्यात तीन भाऊ घरदार सोडून फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये भरती होतात आणि सहाराच्या वाळवंटात गोळ्या खायला जातात. इथल्या पोरांना हॅज आणि हॅव शिकवण्यापेक्षा सहारा बरा, असं शिक्षण खात्यातल्या माणसाला का सुचलं असेल, ते मला आमच्या ओट्यावर दुसऱ्याच संध्याकाळी कळलं.

वर्गाला भाचा आणि त्याचे तीन मित्र होते. ही पिढी नशीबवान. आम्ही पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवली. राज्यानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्यामुळे ही पोरं दुधाच्या दातांनी इंग्रजी बोलायला लागलेली. क्रियापदांची तिन्ही रूपं त्यांना तोंडपाठ होती. गो-वेन्ट-गॉन, डू-डिड-डन, सी-सॉ-सीन असं म्हणत ती डोलायची, आणि कट-कट-कट, पुट-पुट-पुट आलं की आवाज चढायचा. इंग्रजांना या दोन ठिकाणी तरी शेतकऱ्याच्या पोरांची दया आली असं त्यांचं मत होतं. अडचण एवढीच, की पाठ झालेलं गॉन वापरायचं कुठं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. घरात ट्रॅक्टर आहे, पण शेत कुणीच दाखवलेलं नाही, अशी गत.

मी नियमापासून सुरुवात केली. "हे बघा, हॅव किंवा हॅज लावलं की पुढे तिसरं रूप. आणि एकदा हॅव लावलं की तारीख घालायची नाही. काल, परवा, सोमवारी, पाच वाजता, यातलं काहीही आलं की हॅव बाद. 'आय हॅव कम यस्टरडे' चालत नाही."

"मराठीत चालतं की, मामा. मी कालच आलोय."

"मराठीत चालतं. इंग्रजीत नाही. इंग्रजीत फक्त काम झालं एवढंच सांगायचं. कधी झालं ते सांगायचं नाही."

मागे बसलेला एक जण म्हणाला, "म्हणजे रस्त्याच्या कामाच्या बोर्डासारखं. 'सदर काम पूर्ण करण्यात आले आहे.'"

त्या पोरानं हे सहज म्हटलं, पण मला रात्री झोप लागेना. व्याकरणात ज्याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात, तो आपल्याकडे बहुतेक वेळा न झालेल्या कामासाठीच वापरतात की! आठवून बघा. डीपी जळाली की वायरमनला फोन करा, तो म्हणतो, "माणूस पाठवलाय." माणूस अजून चहा पीत असतो, आणि तो माणूस म्हणजे वायरमन स्वतःच असतो. व्यापाऱ्याला कांद्याचे पैसे विचारा, "टाकलेत, बघा खातं." खातं आपण रोज बघतो. टेलरकडे लग्नाच्या आदल्या दिवशी जा, तो म्हणतो, "कापून ठेवलंय, फक्त शिवायचं राहिलंय." नीट पाहिलं तर कापडाची पिशवी आपण बांधलेल्या गाठीसकट तशीच खुंटीला असते. मांडववाला 'निघालोय' म्हणतो तेव्हा तो अंघोळीला निघालेला असतो. आणि कुणी 'सांगून ठेवलंय' म्हटलं, तर कुणाला, काय आणि कशाबद्दल, हे विचारायचं नसतं, ते असभ्यपणाचं समजतात.

इंग्रजीचा घोटाळा इथं आहे. 'आय हॅव सेंट द मनी' म्हटलं की पैसे खरोखर गेलेले असावे लागतात. असल्या अटी घालून माणसानं बोलायचं तरी कसं? आमच्या पोरांचं इंग्रजी कच्चं नाही, त्यांना हा काळ अविश्वसनीय वाटतो. मी हा सिद्धांत तात्यांना सांगितला. ते म्हणाले, "तू शिकवायला सुरुवात केली आहेस ना? मग सिद्धांत काढू नकोस." तेवढ्यात त्यांना सोसायटीतून कुणाचा तरी फोन आला आणि पलंगावर पाय पसरत ते म्हणाले, "आलोच बघ, फाट्यावर पोचलोय."

पुढचा धडा हॅडचा. साहेबांच्या 'बिफोर व्हॉट'चं उत्तर त्यात होतं. मी समजावलं, "इंग्रजीत हॅड गॉन म्हटलं की दोन गोष्टी लागतात. एक आधी घडलेली, एक नंतर घडलेली. आधीच्या गोष्टीला हॅड. आपण नुसतं 'शिरूरला गेलो होतो' म्हणतो, आणि ऐकणारा गप्प ऐकतो. इंग्रज गप्प बसत नाही. त्याला वाटतं, अजून वाक्य पुढे आहे. तो वाट बघत बसतो."

उदाहरणाला मी तेच वाक्य घेतलं जे शाळेत आम्हाला होतं, आमच्या गुरुजींना होतं आणि बहुधा त्यांच्या गुरुजींनाही असणार. डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.

इथं एक सांगायला हवं. कवठे येमाई हे तमाशाचं गाव. गंगाराम कवठेकरांसारखे तमाशा कलावंत या मातीतले. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. त्यांनी फडांसाठी गाणी लिहिली, वग लिहिले, आणि २०१८ साली त्यांना राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. यात्रेत बतावणी ऐकत मोठी झालेली पोरं असली, की सरळ वाक्य त्यांच्या हाती सुरक्षित राहत नाही.

"मामा, दरवेळी डॉक्टर यायच्या आधीच पेशंट का मरतो?"

"व्याकरणासाठी."

"आणि डॉक्टर वेळेवर आला तर?"

"तर मग साधा भूतकाळ."

"म्हणजे मरायचं ते मरायचंच?"

"म्हणजे डॉक्टर वेळेवर आला तर पेशंट साधा मरतो," दुसऱ्यानं खुलासा केला, "आणि उशिरा आला तर हॅड लावून मरतो."

"त्या डॉक्टरला पैसे कोण देतं पण?" आतून माझी आई ओरडली. तिला इंग्रजी येत नाही, पण डॉक्टरचा विषय निघाला की ती हजर असते.

मी घाईनं दुसरं उदाहरण घेतलं. मी स्टेशनवर पोचण्यापूर्वी गाडी सुटली होती. यावर पोरांची हरकत अशी की, गावाला स्टेशनच नाही, गाडी धरायची तर दौंड गाठायचं, आणि तिथवर एसटीनं गेल्यावर गाडी सुटलेली असणारच, ते सांगायला वेगळा काळ कशाला? मग मी सगळ्यांना स्वतःची वाक्यं करायला लावली. एकानं लिहिलं, 'मी कांदा विकण्यापूर्वी भाव पडला होता.' दुसऱ्यानं लिहिलं, 'मी कांदा विकल्यावर भाव चढला.' दोन्ही वाक्यं बरोबर होती. ती ऐकून तात्या पलंगावरून उठून आत निघून गेले.

एका बाबतीत मात्र आमच्या भागात काळाची चूक होत नाही. ऊस वाढला की बिबट्याचा विषय निघतो, आणि 'बिबट्या आला होता' नि 'बिबट्या आलाय' यांतला फरक इथं शेंबड्या पोरालाही शिकवावा लागत नाही. 'आला होता' म्हटलं की लोक ठसे बघायला जातात. 'आलाय' म्हटलं की पोरांना आत ओढतात, दारं लावतात, आणि रात्रीची लाईट आलेली असली तरी मोटर चालू करायला कुणी मळ्यात जात नाही. मी फळ्यावर लिहिलं, 'द लेपर्ड हॅज कम.' काम झालं, पण त्याचा परिणाम अजून चालू आहे, याला हॅज म्हणतात. कुणी प्रश्न विचारला नाही, कुणी बतावणी केली नाही. जाताना चौघंही एकत्र गेले, हातात काठ्या घेऊन, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून.

मग आला हॅव बीन. आपल्याकडे 'मी दोन तासांपासून उभा आहे' म्हणतात, म्हणून इंग्रजीतही सगळे 'आय ॲम स्टँडिंग सिन्स टू अवर्स' करतात. ते चुकीचं. दोन तास हा वेळेचा तुकडा, त्याला फॉर. आठ वाजल्यापासून म्हणायचं असेल, तर सिन्स. आणि जे आधी सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही, त्याला हॅव बीन. हे सांगताना मला भीती होती, पण पोरांनी तो काळ असा काही उचलला की मी थक्क झालो. इंग्रजांनी हा काळ शिरूर तालुक्यासाठीच करून ठेवला असावा. थ्री फेजची वाट बघणं, कालव्याच्या आवर्तनाची वाट बघणं, चाळीत पडून असलेला कांदा, सगळं आधीपासून चालू आणि अजून संपलेलं नाही. सगळ्यांत सुंदर वाक्य केलं ते भाच्याच्या थोराड मित्रानं, जो वर्गात सहसा बोलत नसे. तो उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आय हॅव बीन वेटिंग फॉर अ वाइफ सिन्स ट्वेंटी ट्वेंटी."

एकही चूक नव्हती. तरी सगळे गप्प झाले.

कारण तो प्रश्न चौघांचाही होता. शेती आहे, विहीर आहे, घर आहे, पण मुलीकडचे विचारतात, "नोकरी?" भाच्यासाठी आलेल्या एका पाहुण्यांनीही तेच विचारलं होतं. तेव्हा तात्या म्हणाले होते, "रांजणगावला. लागल्यात जमा आहे."

पाहुणे पोरीचे बाप असले तरी मुरलेले होते. "लागली आहे का?"

"लागल्यात जमा आहे म्हटलं ना."

"म्हणजे लागली नाही."

"असं कुठं म्हटलं मी?"

हा 'लागल्यात जमा' काळ कोणता? वर्तमान नाही, भूत नाही, भविष्य तर मुळीच नाही, कारण भविष्यात शंका असते आणि तात्यांच्या आवाजात शंका नव्हती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मराठी भाषेचं व्याकरण छापलं. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' नावाचा केवढा तरी मोठा ग्रंथ काढला. काळांची नावं ठेवून ही सगळी विद्वान मंडळी मोकळी झाली, पण सोयरीक जुळवताना, कर्ज मागताना आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री जो काळ उभा महाराष्ट्र वापरतो, त्याला स्वतंत्र नाव नाही, प्रत्यय नाही, काही नाही. भाच्यानं मला विचारलं, "मामा, याचं इंग्रजी काय?" मी म्हणालो, "त्यांच्यात सोयरीक अशी होत नाही." वेळ निभावून नेण्याचं हे कसब मला बी.ए.ला शिकवलेलं नव्हतं.

विल हॅव बीनला तर मी हातच लावला नाही. 'पुढच्या चैत्रापर्यंत हे काम पूर्ण झालेलं असेल' हे वाक्य ठेकेदारांसाठी राखून ठेवलेलं बरं.

मध्येच एक विघ्न आलं. थोराड मित्राचा मावसभाऊ अमेरिकेत आहे, त्याच्याशी व्हिडिओ कॉल झाला. जेवलास का विचारल्यावर तो म्हणाला, "आय ऑलरेडी एट." पोरांनी लगेच मला घेरलं. ऑलरेडी आहे, मग हॅव ईटन पाहिजे ना? मी पुस्तक उघडून दाखवलं की ब्रिटिश माणूस हॅव ईटन म्हणेल, अमेरिकन माणसाला साधा भूतकाळही चालतो. "म्हणजे अमेरिकेत माफी झालीय," भाचा म्हणाला, "आणि आपण अजून हप्ते भरतोय." रांजणगावच्या कंपनीचे मालक कोणत्या देशाचे, याची चौकशी करायला त्यानं एकाला पाठवलं. मालक कोरियाकडचे निघाले, त्यामुळे त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

दुसऱ्या मुलाखतीला भाचा इस्त्रीचा शर्ट घालून, देवीला नारळ फोडून गेला. मी त्याला बजावलं होतं, हॅड लावू नकोस, लावलास तर दोन गोष्टी सांग. फाट्यावर गाडी उशिरा आली, तो पोचायला थोडा उशीरच झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आय ॲम वेटिंग फॉर यू सिन्स हाफ ॲन अवर."

भाच्याला चूक दिसली. एका वाक्यात दोन होत्या. ॲम वेटिंग नाही, हॅव बीन वेटिंग. आणि सिन्स नाही, फॉर. महिनाभर ओट्यावर घासलेलं सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं.

तो गप्प बसला. त्याला नोकरी लागली.

घरात पेढे वाटले गेले आणि त्याचं श्रेय, माझी बहीण सोडून, सगळ्यांनी मला दिलं. ती म्हणाली, साहेबाचा पाहुणा दुसरीकडे चिकटला असणार. पाहुण्यांनाही फोन गेला. तात्या म्हणाले, "लागली आहे," आणि पलीकडून विचारणा झाली, "लागल्यात जमा, की लागली?" नेमणुकीच्या पत्राचा फोटो पाठवल्यावर पाहुण्यांनी मुलगी बघायला बोलावलं.

आता अडचण सुट्टीची. मुलगी बघायला जायचंय हे कारण सुपरवायझरपुढे ठेवायची सोय नव्हती, कारण त्याचंच अजून जमलेलं नाही. म्हणून भाच्यानं रात्री बसून अर्ज लिहिला आणि तपासायला माझ्यापुढे धरला. 'रिस्पेक्टेड सर, माय ग्रँडमदर हॅज एक्सपायर्ड.' मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. हॅज होतं, तिसरं रूप होतं, यस्टरडे कुठंही नव्हतं.

आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. "काय लिहिलंय रं त्यानं?"

"तू वारलीस असं लिहिलंय."

"कवा?"

"तारीख घालायची नसते, आजी," भाचा म्हणाला. "नियम आहे."

आईनं एक दाणा तोंडात टाकला. "बरं केलंस. म्हंजी यात्रेच्या टायमाला हाच अर्ज परत चालंल."